पाठमोऱ्या सबनीसबाई

सबनीसबाई पिल्लाला दूध पाजताना त्याच्याकडे पाठ करून बसत.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंची मान धरली असेल. एका पाटावर त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. अंगात राखाडी कोट, डोक्याला त्याच रंगाचं फडकं, आणि काखेखालून मागे काढलेल्या हातात दुधाची बाटली. चितळाचं एक पिल्लू त्यांच्या पाठीमागे काड्यांसारख्या पायांवर उभं राहून, शेपटी थरथरवत, दूध ओढत होतं. बाई भिंतीकडे बघत होत्या. भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. दूध संपलं, पिल्लानं बाटलीला दोन ढुशा दिल्या. बाईंनी मान फारशी न वळवता ओल्या कापसानं त्याचं शेपटीखालचं अंग पुसलं. हरणी चाटून हे काम करते, त्याशिवाय तान्ह्या पिल्लाला शी-शू होत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मग त्या तशाच उठल्या, बाहेर आल्या, दार लावलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"आपण इंगोले का? हे तेल कुठलं लावता?"

"जास्वंदीचं, मॅडम."

"मॅडम नको, बाई म्हणा. आणि तेल उद्यापासून नको. आपली आई हरीण होती की जास्वंद, हे त्या पिल्लाला आत्ताच कळेनासं झालंय."

पुण्यातल्या प्राणिसंग्रहालयात बाई पशुवैद्य होत्या. आई मेलेली, आईनं टाकलेली किंवा आईला दूधच नसलेली पिल्लं त्यांच्या वॉर्डात येत. मी मंगरूळपीरहून आले होते. वडील बाजार समितीत हमाली करायचे, आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. प्राणिशास्त्राची पदवी आणि एक मोठी बॅग घेऊन मी स्वारगेटला उतरले, तेव्हा पुण्यात माझ्या ओळखीचं एकच माणूस होतं आणि तेही मला अजून भेटायचं होतं. नेमणुकीच्या पत्रावर त्यांची सही होती.

त्या सहीमागचं माणूस कसं होतं, हे सांगण्यासाठी हे लिहिते आहे. बाई गेल्यावर शोकसभा झाली. तिथे प्रत्येकजण म्हणाला की बाईंचं प्राण्यांवर फार प्रेम होतं. बाई तिथे असत्या तर म्हणाल्या असत्या, "कोणी तक्रार केली का तशी?"

बाईंच्या वॉर्डात पिल्लांशी बोलायला बंदी होती. त्यांना कुरवाळायला बंदी होती. आमचे कोट धुऊन झाले की हरणांच्या गोठ्यात खुंटीला टांगले जात, कळपाचा वास त्यात मुरला की मगच अंगात घालायचे. बसमधल्या बायका माझ्याशेजारची जागा सोडून उठत, त्याचं कारण तो कोट. आणि पिल्लांना नावं ठेवायची नाहीत, हा सगळ्यात कडक नियम. वर्तमानपत्रवाले फोन करून विचारत, नवीन पिल्लाचं नाव काय ठेवलंत? बाई सांगत, "चितळ." ते म्हणत, नाही हो, नाव. बाई म्हणत, "आडनाव चितळच."

एकदा मी धीर करून विचारलं की नावानं काय बिघडतं. त्या बाटल्या उकळत होत्या. म्हणाल्या, "नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते. हाक मारली की ते येतं. आलं की संपलं. ज्याला माणसाकडे यायची सवय लागली, ते हरणांत जात नाही. आणि माणसांत त्याला कोण घेणार? आपल्याला इथे त्याची आई व्हायचं नाहीये, इंगोले. दुधाची सोय व्हायचंय."

सुट्टीच्या दिवशी वॉर्डाच्या खिडकीबाहेर गर्दी होई. एकदा एका गृहस्थांनी खिडकीवर टकटक केली. कडेवर त्यांचं बाळ होतं. "अहो मॅडम, जरा ते पिल्लू बाहेर आणता का? बाळाबरोबर एक फोटो काढतो. हातात धरून."

"त्यापेक्षा तुमचं द्या आत," बाई म्हणाल्या. "आमच्याकडचं धरेल त्याला."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बाईंना मूलबाळ नव्हतं, आणि त्यावरून पिल्लांच्या वॉर्डाचा अर्थ लावणारी माणसं पुष्कळ होती. एका बाईंनी तोंडावरच म्हटलं, तुम्ही सगळी माया इथे ओतलीत हो. बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, "माया नाही, शेळीचं दूध. प्रमाण बाहेर फळ्यावर लिहिलंय."

माझ्यावर मात्र त्यांनी उपकार केले, आणि ते उपकार म्हणून कधी दाखवले नाहीत. शाळेची मुलं सहलीला येत, त्यांना माहिती सांगायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी घाबरून माझ्या तोंडून "मले वाटते" निघून गेलं आणि मागच्या रांगेत हशा पिकला. कार्यालयातल्या एका साहेबांनी नंतर मला बोलावून सांगितलं की जरा भाषा सुधारा, पुण्यात आहात. मी रडवेली होऊन वॉर्डात आले. बाईंनी काय झालं ते विचारलं, हात पुसले आणि तडक त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं.

"इंगोल्यांची भाषा ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मुलांना कळली. हसली, म्हणजे कळली. आपली परिपत्रकं वाचून आजवर कोणी हसलंसुद्धा नाही."

परत आल्यावर मला म्हणाल्या, "मले म्हणा नाहीतर मला म्हणा, पुढचं वाक्य खरं असलं की झालं." विश्रांतवाडीत त्यांच्या मैत्रिणीच्या घरातली वरची खोली मला मिळाली, तीही बाईंमुळे. भाडं ठरवताना त्या मैत्रिणीला म्हणाल्या होत्या, "मुलगी चांगली आहे. वास येईल, पण तो तिचा नाही."

बाईंचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन त्यांना न्यायला येत. उंच, किडकिडीत, टोपीचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधलेला. प्राण्यांची त्यांना मनापासून भीती वाटे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते फाटकाच्या आत आले नव्हते. बाई बाहेर पडताना आम्हाला सांगत, "निघते. आमचा दुर्मीळ प्राणी बाहेर उभा आहे." आणि फाटकाबाहेर त्यांचा आवाज बदलायचा. "अहो, किती वेळ झाला येऊन? अहो, सावलीत उभं राहायचं ना." दिवसभर आम्ही ऐकलेला आवाज तो नसायचा. बाई सगळ्या जगाला आडनावानं हाक मारत. 'अहो' हे फक्त काकांसाठी होतं.

बाईंना आनंद झालेला मी एकदाच स्पष्ट पाहिला आहे. वॉर्डात वाढलेली एक चितळमादी कळपात सोडली होती. वर्षभरानं ती व्याली. बाई मला घेऊन जाळीपाशी गेल्या. ती मादी पिल्लाला घेऊन आमच्या अगदी समोरून गेली. हात लांब केला असता तर लागली असती. तिनं बाईंकडे पाहिलं, जसं झाडाकडे पाहावं तसं, आणि पुढे गेली. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. "बघितलंत?" त्या म्हणाल्या. "ढुंकूनही नाही!" परत येताना त्या कधी नव्हे ते गुणगुणत होत्या.

त्यानंतरच्या पावसाळ्यात काका गेले. आजारपण नाही, काही नाही. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. बाई वॉर्डात होत्या. निरोप माझ्याकडे आला आणि मीच त्यांना सांगितला. त्यांच्या हातात बाटली होती आणि मागे पिल्लू पीत होतं. त्यांनी त्याचं पिणं पूर्ण होऊ दिलं, मग उठल्या.

दिवसकार्य उरकल्यावर त्या कामावर आल्या. कोणी सांत्वन करायला लागलं की म्हणत, "हो. झालं तसं." आणि विषय बदलत. संध्याकाळी फाटकापाशी जाऊन क्षणभर थांबत आणि मग रिक्षा शोधायला लागत.

त्याच सुमारास काळविटाची एक मादी व्यायली आणि गेली. मागे राहिलेलं पिल्लू नर होतं, अगदी किरकोळ. आमच्याबरोबर काम करणारा दशरथ, लोणी काळभोरचा, त्यानं ते पोत्यात गुंडाळून आणलं. "बाई, ह्ये काय टिकायचं न्हाय," तो म्हणाला. "जीव नखाएवढा हाय."

त्याला ओढून पिण्याचीही ताकद नव्हती. पाठमोरं बसून चालणार नव्हतं. बाई त्याला मांडीवर घेत, तोंड उघडून थेंब थेंब दूध सोडत. तेवढं करणं भागच होतं. पण आठवडाभरानं ते उभं राहायला लागलं, ओढून प्यायला लागलं, तरी बाईंचा पाट भिंतीकडे वळला नाही. माझ्या लक्षात आलं, पण मी समजले की बाईंना ठाऊक असेल.

मग एके दुपारी दाराबाहेरून मला आवाज ऐकू आला. वॉर्डात, पिल्लासमोर, माणसाचा आवाज. मला वाटलं, कोणी पाहुणा शिरला. दार ढकललं तर आत बाई एकट्याच. पिल्लू त्यांच्या कुशीत बसलं होतं आणि त्या त्याला सांगत होत्या, "आज मेथी आणली. जुडी आणली आणि मग लक्षात आलं, एवढी कोण खाणार? निवडली तरी. सवयीनं हात चालतात. अहो, प्या की जरा. थांबलात का?"

मी तिथेच उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं.

"बाई," मी म्हणाले, "बोलायचं नसतं ना?"

"मी बोलत नव्हते," त्या म्हणाल्या. "माझं मी म्हणत होते." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "थोडे दिवस, इंगोले. मग बंद करते."

मी दशरथला सांगितलं, दशरथ त्यांच्याशी बोलला. बाईंनी त्याचंही ऐकून घेतलं. पाळी बदलून बघितली. बाई नसल्या की पिल्लू बाटलीला तोंड लावेना. दिवसभर उपाशी राहिलं, मान टाकली, तेव्हा दशरथनंच बाईंना फोन केला. त्या रिक्षानं आल्या. दारातून "अहो" म्हणाल्या आणि ते पिल्लू धडपडत उठून त्यांच्या पायांत आलं.

बाईंनी त्याला नाव ठेवलं नव्हतं, हे खरंच आहे. पण ते त्या हाकेला ओ द्यायला लागलं होतं. खिडकीबाहेरून एखादी बाई आपल्या नवऱ्याला "अहो, इकडे बघा ना" म्हणाली, की पिल्लाचे दोन्ही कान टवकारत आणि ते खिडकीशी पळत जाई. लोक टाळ्या वाजवत. किती हुशार आहे, म्हणत. आम्ही एकमेकांकडे बघत नसू.

दूध सुटल्यावर त्याला कळपात सोडायचं ठरलं. बाईंनी ते काम नेहमीच्या शिस्तीनं केलं. आधी शेजारच्या जाळीत ठेवलं, कळपाचा वास दिला, मग दार उघडलं. बाकीची पिल्लं चौखूर उधळत होती. हा जाळीशी येऊन उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून. मोठ्या नरानं त्याला एकदा हुसकलं तर तो हरणांच्या दिशेनं पळाला नाही, आमच्या दिशेनं पळाला आणि जाळीवर आदळला.

"बाई, ह्यो सवताला हरीण समजतच न्हाय," दशरथ म्हणाला.

"समजेल," बाई म्हणाल्या.

त्यांनी त्या बाजूला जाणं बंद केलं. वॉर्डात यायला लांबचा वळसा घालून येऊ लागल्या. बोलताना आवाज खाली ठेवू लागल्या, वारा त्या बाजूला वाहत असला तर खिडक्या लावून घेऊ लागल्या. सगळं केलं. रोज सकाळी मला विचारत, "कुठे उभा होता?" मी सांगायची, "जाळीपाशी." त्या मान हलवत आणि बाटल्या उकळायला घेत.

तो वाढला. शिंगांना पीळ पडायला लागला. आणि मग बाईंना ज्याची भीती होती ते झालं. माणसानं वाढवलेला नर वयात आला की माणसाला घाबरत नाही. तो माणसाला दुसरा नर समजतो आणि त्याच्याशी भिडतो. पाणी भरायला आत गेलेल्या दशरथला त्यानं कोपऱ्यात दाबून धरलं. दशरथ बादली आडवी धरून सुटला. बैठक झाली. आत कोणी जायचं नाही, असं ठरत होतं. बाई म्हणाल्या, "मी एकदा जाऊन बघते. मला नाही करणार काही." हे त्या म्हणाल्या, ज्यांनी आम्हाला नेमकं उलटं शिकवलं होतं.

मी जाळीबाहेर उभी होते. बाई आत गेल्या आणि थांबल्या. तो दूरवरून त्यांच्याकडे आला, डोकं उंच करून, दमदार पावलं टाकत. क्षणभर मला वाटलं, ओळखलं. ओळखलंच होतं त्यानं. अगदी जवळ येऊन त्यानं मान खाली घातली आणि शिंगं त्यांच्या मांडीत घातली.

बाहेर काढलं तेव्हा साडी रक्तानं भिजली होती. दशरथनं काठी उचलली तर बाई ओरडल्या, "हात लावू नका त्याला! हरीण वाघाशी भांडत नाही, वाघापासून पळतं. भांडतं ते आपल्यातल्याशी. तो मला आपल्यातली समजला. मीच शिकवलं ना तसं."

रिक्षात त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाल्या, "चांगल्या हरणाचं वाटोळं केलं मी, इंगोले. मला बोलायला कोणी नव्हतं म्हणून." त्या रडल्या नाहीत. मला मात्र आवरलं नाही.

त्याला वेगळ्या आवारात ठेवावं लागलं, एकट्याला. कळपात तो टिकत नव्हता आणि माणसांना जवळ येऊ देत नव्हता. बाईंची जखम भरली, लंगडेपणा राहिला. पुढे त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी सगळे फोटोसाठी त्यांना त्या आवाराकडे नेऊ लागले. त्या जागेवरून हलल्या नाहीत. निघताना मला म्हणाल्या, "मी आता येणार नाही. कोणी विचारलं तर सांगा, म्हातारीला बस चढवत नाही." खरं कारण मला ठाऊक होतं. त्यांच्या येण्यानं त्याची वाट बघण्याची सवय मोडली नसती.

त्या दर रविवारी फोन करत. आधी वॉर्डाची चौकशी, माझ्या घरची चौकशी, वडिलांची पाठ कशी आहे. मग जरा थांबून, "आणि तो?"

"जाळीपाशीच असतो, बाई."

"बरं."

मी कधी खोटं सांगितलं नाही. त्यांनीच मला खरं वाक्य बोलायला शिकवलं होतं, आणि त्यांना आवाजावरून कळलंही असतं.

असा बराच काळ गेला. एका रविवारी बाई फोनवर म्हणाल्या, "कळपात ती खुरानं अधू झालेली म्हातारी मादी आहे ना? बाकीच्या तिला खाऊ देत नाहीत, ती? तिला त्याच्या शेजारी ठेवून बघा. मध्ये जाळी घाला आधी. विचारा वर. माझं नाव सांगू नका, हसतील."

मी माझ्या नावानं विचारलं. परवानगी मिळाली. पहिले काही महिने त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. म्हातारी आपली जाळीला टेकून रवंथ करत बसायची. मग तो अधूनमधून तिकडे जाऊ लागला. मधली जाळी काढली तेव्हा दशरथ हातात काठी आणि तोंडात देवाचं नाव घेऊन उभा होता. काळविटानं तिला हुंगलं आणि तो चरायला लागला. त्यानंतर एका सकाळी मी फेरीला गेले तर ते दोघं शेजारी बसलेले दिसले. मी रविवारची वाट न बघता फोन लावला.

"बाई, बसलाय. तिच्याजवळ बसलाय."

"तोंड कुणीकडे?"

"तिच्याकडे."

"आणि पाठ?"

"रस्त्याकडे, बाई."

त्या म्हणाल्या, "ठेवते हं. दूध उतू जातंय."

बाईंना पोटाचं दुखणं निघालं ते त्यानंतर. निदान झालं तेव्हा फार पुढे गेलेलं होतं. मी सुट्टी काढून त्यांच्याकडे राहायला गेले. खिचडी केली की म्हणत, "वऱ्हाडी तिखट जरा वाघांसाठी ठेवा." नर्सला आडनावानं हाक मारत. त्यांच्या अंगात काही राहिलं नव्हतं, पण जीभ शाबूत होती. एके दिवशी औषध घेऊन झाल्यावर त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि सोडला नाही.

"मला एकदा बघायचंय त्याला," त्या म्हणाल्या. "त्याला दिसायचं नाहीये. नुसतं बघायचंय."

प्राणिसंग्रहालय बंद असतं त्या वारी सकाळी मी त्यांना नेलं. दशरथनं चाकाची खुर्ची आणली होती. माघातली थंडी होती. शाल, कानटोपी, पायावर घोंगडी, एवढ्या सगळ्यात बाई लहान मुलीसारख्या दिसत होत्या. फाटकातून आत शिरताना त्यांनी विचारलं, "वारा कुणीकडचा आहे?"

"त्याच्याकडून आपल्याकडे, बाई. बघितलंय मी."

"बरं."

आवाराच्या अलीकडे बांबूचं बेट आहे. तिथे मी खुर्ची थांबवली. फटींतून दिसत होतं. म्हातारी मादी उन्हात बसली होती आणि तिच्या अंगाला अंग लावून तो, आमच्याकडे पाठ करून. काळविटाचा नर लहानपणी तांबूस असतो. पुरतं वय झाल्यावर त्याची पाठ काळी पडते, पोट पांढरं राहतं. बाईंनी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो तांबूस होता. आता त्याची पाठ ओल्या कोळशासारखी दिसत होती आणि शिंगांचा एकेक पीळ उन्हात मोजता आला असता.

बाई बघत राहिल्या. खूप वेळानं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काळा झाला."

हळूच म्हणाल्या होत्या. पण सगळं आवार शांत होतं. त्याचा डावा कान मागे वळला, आमच्या दिशेला. तसाच राहिला. जबडा हलायचा थांबला. मी खुर्चीची मूठ घट्ट धरली. बाईंनी श्वास रोखला होता. तो वळला असता, उठला असता, जाळीपाशी आला असता, तर त्या काय करणार होत्या मला ठाऊक नाही. त्यांनाही ठाऊक नसावं.

मग कान पुढे गेला. जबडा पुन्हा हलू लागला. म्हातारीनं मान त्याच्या पाठीवर टाकली.

"कान हलला," बाई पुटपुटल्या.

"माशी असेल, बाई."

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. ऊन नुकतं कुठे वर येत होतं, गवतावर दव होतं, आमच्या तोंडातून वाफ निघत होती, माशी एकही नव्हती. त्या म्हणाल्या, "असेल." मग म्हणाल्या, "वळवा खुर्ची."

मी खुर्ची वळवली. खडीवर चाकांचा आवाज होऊ नये म्हणून दशरथनं ती एका बाजूनं उचलून धरली. बाईंनी शालीतून हात काढला आणि तोंडावर दाबून धरला. त्यांचे खांदे हलत होते. आवाज मात्र इतकासुद्धा बाहेर आला नाही. फाटकापर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.